श्वास सोडल्यावरचं माप

आधी पाय आला. गुडघ्यापर्यंतचा, चिखलाने माखलेला, एकच पाय. त्याच्यापाठोपाठ दोन फुटकी कौलं, आणि मग बादलीभर पाऊस.

धाकटी खाली कारखान्यात खवले निवडत बसली होती. ती टेबलाखाली कधी शिरली हे तिचं तिलाच कळलं नाही. हल्ली शहरात सगळ्यांचंच असं झालं होतं; छतावर काही वाजलं की आधी लपायचं, मग बघायचं. मग तिने टेबलाच्या कडेने डोकं बाहेर काढलं. वरून आला होता तो पंजा नव्हता. नखं होती, पण नीट कापलेली, आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“खाली कुणी आहे का?” वरून आवाज आला. “असलात तर... माफ करा. आणि एवढा पाय जरा वर ढकलता का? मला काही तो निघत नाहीये.”

तिने झाडूच्या दांड्याने ढकलला. हाताने ढकलायला काय ओळख होती? पाय गेला आणि भोकातून चेहरा आला — ओला, ओशाळलेला, पापण्यांवरून पाणी ठिबकणारा. तो चेहरा तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की भोक बुजवायचं राहूनच गेलं आणि निवडलेले खवले पुन्हा ओले झाले.

ही त्या मोठ्या लढाईच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्या लढाईची गाणी आज शाळकरी पोरंसुद्धा म्हणतात, पंखांवर बसून लढलेल्या शूरांबद्दल तावातावाने भांडतात. पण तेव्हा त्यातलं कुणी जन्मालाही आलं नव्हतं. तेव्हा शहरात शूर असं कुणी नव्हतंच. घाबरट माणसं होती, आणि ती आपापली कामं करत होती.

घाबरायची ती आत्याबाईंना. शहराच्या डोक्यावर डोंगर, डोंगरात गुहा आणि गुहेत आत्याबाई. त्यांना तोंडावर ड्रॅगन म्हणायची कुणाची छाती नव्हती. मान दिला, नातं जोडलं, तर कदाचित आपल्याला भाजणार नाहीत, एवढीच त्यामागची भाबडी आशा. आत्याबाई पावसाळा संपेपर्यंत झोपत. कुठल्या वर्षी पाऊस सरल्यावरही झोपूनच राहत, कुठल्या वर्षी उठत. उठल्या की शहर जळे. म्हणून पावसाच्या शेवटी एक माणूस वर जाई. त्याला जागल्या म्हणत. गुहेत जाऊन आत्याबाईंचे डोळे मिटलेले आहेत का, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. मिटलेले असतील तर कड्यावर पांढरं फडकं लावायचं, उघडे असतील तर लाल. लाल दिसलं की सगळ्या शहराने भुयारात पळायचं.

जागल्याच्या अंगात चिलखत असे, आणि ते चिलखत फक्त धाकटीच्या मामांच्या कारखान्यात होई. आत्याबाई दरसाल जुने खवले टाकत आणि ते ओढ्यातून खाली वाहत येत. ते वेचायचे, आरीने भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने चामड्यावर शिवायचे. असं चिलखत आत्याबाईंची एक फुंकर सोसायचं. त्याच जागी दुसरी नाही.

“हे तर कौलंच आहेत,” कौलवाला म्हणाला. तोपर्यंत तो भोक बुजवायला खाली-वर करू लागला होता. “खालून सुरू करायचं, वरचं खालच्यावर चढवायचं. तुमचं आणि माझं काम एकच की.”

“एकच कसं? तुमचं गळतं.”

“आज पहिल्यांदाच गळलं.”

“माझं अजून पहिल्यांदासुद्धा नाही.”

तो हसला. हसताना तो मान जरा बाजूला वळवायचा, समोरच्याच्या अंगावर हसू सांडू नये म्हणून. अर्ध्या दिवसाचं काम त्याने चांगलंच लांबवलं. आज हे कौल बसत नाही, उद्या ते वासे बघायला हवेत. मामांना सगळं कळत होतं. ते मिशीतल्या मिशीत हसत आणि आरीला धार लावत. धाकटीलाही कळत होतं. तो शिडीवर असला की तिचा टाका वाकडा जायचा, आणि नसला की तिची नजर दाराकडे. आणि वर डोंगराच्या तोंडाशी कधी धूर दिसला की दोघंही बोलता बोलता थांबत.

कारखान्याच्या कोपऱ्यात ताई बसलेली असायची, धाकटीची मोठी बहीण. गेल्या वर्षीचा जागल्या म्हणजे दाजी, ताईचा नवरा. ताईने स्वतः त्यांचं माप घेतलं होतं, स्वतः चिलखत शिवलं होतं. दाजींनी पांढरं फडकं लावलं, पण परतीच्या वाटेवर आत्याबाईंनी झोपेतच एक उसासा सोडला. तेवढा उसासा चिलखताने सोसायला हवा होता. सोसला नाही. तेव्हापासून ताई रडली नव्हती आणि तिने सुईही हातात धरली नव्हती. ती खवले धुऊन रचून ठेवायची आणि कुणी विचारलं तर हो-नाही म्हणायची.

या धंद्यात एक जुना दंडक होता: आपल्या माणसाचं माप आपण घ्यायचं नाही. कारण कुणी सांगत नसे. मन हळवं होतं, हात कापतो, असं काहीतरी मोघम म्हणत. ताईने तो मोडला होता, कारण तिच्याइतकी सफाई कुणाच्याच हातात नव्हती.

पाऊस ओसरायला लागला आणि नगरसभेचा निरोप आला. गुहेची पाऊलवाट कोसळली होती. या वर्षी जागल्या असा हवा होता ज्याला चढता येतं. शहरात सगळ्यात उंच छतांवर कोण चढतं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

तो आला तेव्हा धाकटीला वाटलं, वासे बघायला आला असेल. तिने ठेवणीतला टोमणा तयार ठेवला होता. पण तो शिडी न घेता आला होता, टोपी हातात घेऊन दारातच उभा होता, आणि बोलला ते मामांशी बोलला. टोमणा तसाच राहिला.

मामांचे हात हल्ली थरथरत. ताईला तर विचारायची सोय नव्हती. मामांनी धाकटीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून हळूच विचारलं, की बाई, तुझं याच्याशी काही आहे का. असेल तर तसं सांग, मी घेतो माप, कसंही करून घेतो. धाकटीने मामांच्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं साधी दोरी धरू शकत नव्हती. त्या बोटांनी घेतलेल्या मापावर त्याला वर पाठवायचं?

“नाही मामा,” ती म्हणाली. “काही नाही.”

माप घ्यायची रीत तिला दहा वर्षांची असल्यापासून पाठ होती. भ्यालेला माणूस छाती फुगवून उभा राहतो. त्या फुगलेल्या छातीवर माप घेतलं, तर पुढे तो श्वास सोडतो तेव्हा चिलखत ढिलं होतं आणि बगलेत फट पडते. आगीला बोटभर फट पुरते. म्हणून माप नेहमी श्वास सोडल्यावरचं. तळवा माणसाच्या पाठीवर ठेवायचा, पाठ खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मगच दोरी आवळायची.

ती त्याच्यामागे उभी राहिली. त्याच्या सदऱ्याला ओल्या लाकडाचा वास होता. दोरी पुढून घ्यायची तर हात त्याच्याभोवती घालावे लागणार होते... तिने घातले. तिचं कपाळ त्याच्या खांद्याला निसटतं लागलं आणि तिचे कान तापले.

“श्वास सोडा,” ती म्हणाली.

“सोडला.”

तळवा पाठीवर ठेवायला हवा होता. पण ठेवला असता तर त्याला कळलं असतं की तिचा हात किती कापतोय. त्याला वर जायचंय, त्याला आणखी कशाला घाबरवायचं? तिने नुसतीच दोरी आवळली, गाठ मारली आणि झटकन मागे सरली. तो वळला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“धाकटे,” तो पहिल्यांदाच तिला तसं म्हणाला, “मला खूप भीती वाटतेय. कुणाला सांगू नकोस.”

“मलाही,” ती म्हणाली.

ठरल्याप्रमाणे चिलखत एकदा घालून बघायचं होतं. पण धूर दाट झाला, ओढ्याचं पाणी कोमट यायला लागलं, आणि नगरसभेने घाई केली. शेवटचा टाका पडला न पडला तोच शिपाई चिलखत घेऊन गेले.

सकाळी सगळं शहर वेशीच्या दरवाज्यापाशी जमलं होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कौलवाला चिलखत घालून उभा होता, खांद्याला दोर आणि दोन फडकी. धाकटी गर्दीत मागे उभी होती, शेजारी ताई. ताई वर्षभरात पहिल्यांदाच इतक्या माणसांत आली होती. कुणीतरी त्याला म्हणालं, परत आलास की आमचं छत बघ रे, आणि तो त्याच्या सवयीने मान वळवून हसला.

ताईची बोटं धाकटीच्या दंडात रुतली.

“माप घेताना त्याने श्वास सोडला होता?”

“हो... म्हणजे, म्हणाला तसं.”

“पाठीवर हात ठेवला होतास?”

धाकटीने नकारार्थी मान हलवली. ताईचा आवाज एकदम खाली गेला. “त्याची डावी बगल बघ. हसला तेव्हा सदरा दिसला मला. यांच्याही तिथेच दिसला होता. मला वाटलं, नवं आहे, बसेल अंगावर.” ती थांबली, आणि मग अगदी हळू, स्वतःलाच समजावल्यासारखी बोलली, “मी जवळ गेले की यांचा श्वास अडकायचा. लग्नाला सात वर्षं झाली तरी अडकायचा. मी चिडवायचे त्यांना. आणि माप घेताना माझ्या लक्षातच...”

तिला वाक्य संपवता आलं नाही. दंडक का होता ते दोघींना एकाच वेळी कळलं, आणि एकीला फार उशिरा कळलं.

“पळ,” ताई म्हणाली. “माझ्याकडे नको बघत बसू. पळ.”

दरवाजा उघडत होता. धाकटी माणसांना ढकलत, कुणाच्या पायावर पाय देत पुढे घुसली. सुई आणि तार तिच्या बाहीत कायम असायची. शिपाई आडवा आला तेव्हा तिने त्याला सुईच दाखवली, आणि तो बाजूला झाला. तिने कौलवाल्याचा डावा हात वर केला. बगलेत दोन बोटं सहज आत गेली.

“श्वास सोड,” ती म्हणाली. ‘सोडा’ म्हणायला वेळ नव्हता.

“सोडला.”

“खोटं बोलू नकोस. त्या दिवशीही असंच म्हणालास.” या वेळी तिने तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, सगळ्या शहरादेखत. पाठ ताठ होती, श्वासाने भरलेली. “का धरलास? सांगितलं होतं ना मी?”

“तू इतकी जवळ होतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, श्वास सोडला तर तूही जाशील.”

पुढच्या रांगेत मामा होते आणि त्यांनी नजर जमिनीकडे वळवली होती.

“मी कुठे जाते,” ती म्हणाली. “सोड आता. सगळा.”

तळव्याखालची पाठ हळूहळू खाली बसली. तिने चिलखताचे बंद सोडले, दोन्ही कडा एकमेकींवर चढवल्या आणि त्याच्या अंगावरच तारेने शिवायला घेतलं. दोनदा सुई त्याला टोचली. फट मिटली. मग तिने बगलेपासून कमरेपर्यंत सगळी बाजूच शिवून टाकली, आणि उरलेली तार दाताने तोडली.

“आता हे तुला एकट्याला काढता येणार नाही. टाके उसवायला मी लागेन.”

“म्हणजे परत यावंच लागेल.”

“हो.”

“आणि आल्यावर तू काय सांगशील मला?”

“आल्यावर बघू,” ती म्हणाली, कारण तेव्हा काही बोलली असती तर तिने त्याला सोडलंच नसतं.

तो गेला. कड्यावर एक ठिपका चढताना दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला. शहर माना वर करून उभं राहिलं. दुपार झाली तरी कुणी जेवायला घरी गेलं नाही. धाकटीला वाटत होतं, आपण चढवलेल्या कडेत एखादा खवला उलटा तर बसला नाही ना, तार कुठे ढिली तर पडली नाही ना. ती मनातल्या मनात तेच टाके पुन्हा पुन्हा घालत राहिली. ताईने तिचा हात धरला होता, आणि कुणाचा हात थंड आहे ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग डोंगराचं तोंड आतून उजळलं. गडगडाट खाली पोचायला जरा वेळ लागला. एक बाई तोंडावर हात घेऊन खाली बसली. आणि त्या धुरातून, कड्याच्या टोकावर, फडकं वर गेलं.

लाल.

लोक पळाले. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळे भुयाराच्या दरवाज्याकडे. आत्याबाईंना झोपेतून उठून बाहेर निघायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्याच वेळात सगळ्यांना आत जायचं होतं. मामा धाकटीला ओढत होते. ती भुयाराच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत जावं असं तिला फार वाटत होतं. ती काही शूर नव्हती. पण तिच्या टाक्यांत शिवलेला माणूस अजून बाहेर होता.

“जा,” ताई म्हणाली. ती दाराच्या फळीला पाठ लावून उभी राहिली होती. “मला ढकलत नाहीत तोवर मी धरते दार.”

दोरावरून घसरत कडा उतरून तो रस्त्याच्या टोकाला दिसला. धावत नव्हता, फरफटत होता. चिलखताची छाती काळीठिक्कर पडली होती. धाकटी त्याच्याकडे धावली, तिने त्याचा हात खांद्यावर घेतला, आणि दोघं निम्म्या रस्त्यात आली तोच ऊन गेलं. ढग नव्हता तो. मागे भुयाराचं दार धाडकन बंद झालं. आत हजारो माणसं होती, कुणाचा दोष नव्हता. धाकटीने ताईची किंकाळी ऐकली, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

तिने त्याला भिंतीच्या कडेला बसवलं. कमरेला खोचलेली सुरी टाक्यांखाली घातली आणि सगळी बाजू एका दमात उसवली. आतला सदरा शाबूत होता. बगलेजवळचं कापड पांढरंच्या पांढरं होतं. ते पाहून तिला हुंदका आला, पण हुंदक्याला सवड नव्हती. छातीचे खवले गेले होते, पाठीचे नवेकोरे होते. तिने चिलखत उघडून पसरलं, पाठीची बाजू वर केली आणि दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतलं. काठ पायांखाली दाबले.

फुंकर आली.

आवाज असा की आपण ओरडतोय की नाही हेही कळू नये. अंधारात खवले तडतडले, तारा तापल्या, धाकटीचे केस करपल्याचा वास आला. तिने डोळे घट्ट मिटले आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पंखांचा आवाज दूर, डोंगरापलीकडे गेला.

“गेल्या का आत्याबाई?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. बघायचं धाडस नाही मला.”

“मग नको बघू.” त्याने चिलखताचा काठ पायाखाली आणखी दाबला. “पुढच्या वर्षी मलाच पाठवतील. वाट आता मलाच ठाऊक आहे ना.”

“असेल.”

“तेव्हा माप घेताना मी खरंच श्वास सोडेन. शप्पथ.”

“मी नाही घेणार तुझं माप. मामा घेतील, कापणाऱ्या हातांनी घेतील. नाहीतर ताई घेईल.”

“का? चिडलीस?”

तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, म्हणून तिला बोलता आलं.

“आपल्या माणसाचं घेत नाहीत,” ती म्हणाली.

त्याने अंधारात तिचा हात शोधला, सुईने टोचून टोचून खरबरीत झालेला, आणि तो आपल्या गालाशी धरून ठेवला. बाहेर कुठेतरी वासे कोसळत होते. कोण कुणाला धीर देतंय ते कळायला मार्ग नव्हता.

बऱ्याच वेळाने भुयाराचं दार करकरलं. कुणाचीतरी पावलं राखेतून आली, चिलखताच्या ढिगापाशी येऊन थबकली. काठ उचलायला त्या हाताला धीर होत नव्हता.

“धाकटे?” ताईचा आवाज होता. ती रडत होती. “आत... किती जण आहात गं?”

“दोघं,” धाकटी म्हणाली. “आम्ही दोघं आहोत, ताई.”